बाबा म्हणतात, ‘मी काही अपंग नाही’

पत्र थोडक्यात : न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. साताऱ्याहून तिचे आई-वडील सहा महिन्यांसाठी आले आहेत. वडील ७३ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते. विनाअपघात सेवेबद्दल त्यांचा सत्कारही झालेला. आई ६९ वर्षांची. वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. रोज सकाळी ते वीसेक मिनिटं फिरून येतात, पण गेल्या महिन्यात न्यूयॉर्कला गेले असताना दुपारी फुटपाथच्या कडेलाच बसले. पुढचा सगळा कार्यक्रम रद्द झाला, मुलं हिरमुसली. आता ऑगस्टच्या शेवटी सगळं घर पाच दिवसांसाठी फ्लोरिडाला, ऑरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डला निघालं आहे. मुलं नऊ आणि पाच वर्षांची. जावईबापूंनी सुचवलं, की बाबांसाठी मोबिलिटी स्कूटर भाड्याने घेऊ. ही म्हणजे खुर्चीवर बसून हँडलने चालवायची, बॅटरीवरची छोटी गाडी. बाबांचं उत्तर एकच : ‘मी काही अपंग नाही. तुम्ही फिरा, मी हॉटेलवर थांबतो.’ दिरांचा सल्ला असा, की न सांगता बुक करून टाका. तिथे गेल्यावर बसतील, शिवाय स्कूटर असली की रांगेत उभं राहावं लागत नाही. मैत्रीण विचारते : ‘बाबांचा हट्ट कसा मोडू? गुपचूप बुक करू का? आईचं काही नाही, ती कुठेही बसते.’

प्रिय मैत्रिणी,

गुपचूप बुक करू नका. तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर दोन्ही बाजूंनी विचार करता येईल, या एका गोष्टीवर नाही. ज्यांनी उभं आयुष्य प्रवाशांनी भरलेली गाडी घाटातून सुखरूप खाली उतरवली, त्यांना परक्या मुलखात हॉटेलच्या दारात उभं करून ‘आता बसा यावर’ म्हणायचं? ते बसतील, नाही असं नाही. पैसे भरलेत म्हटल्यावर त्या पिढीचं कोणीही बसेल. पण पाच दिवस एक शब्द बोलणार नाहीत, आणि त्या सहलीचा आनंद तुम्हालाही होणार नाही.

आता हट्टाबद्दल. हा हट्ट आहे, हे तुम्ही धरूनच चालला आहात. पण तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय, की येताना मुंबई विमानतळावर आणि नेवार्कला उतरल्यावर बाबांनी व्हीलचेअर घेतली होती, ‘सगळेच घेतात’ म्हणून. म्हणजे चाकांच्या खुर्चीचं त्यांना वावडं नाही. मग जे तिथे चाललं ते इथे का नको?

विमानतळावर ती इमिग्रेशनच्या लांबलचक रांगेसाठी केलेली सोय होती. तिकिटाबरोबर आली, अर्ध्या-पाऊण तासात संपली. नातवंडं बघायला नव्हती. आणि मुख्य म्हणजे ‘तुम्हाला चालवत नाही म्हणून’ असं कोणी म्हटलेलं नव्हतं. घरात हा विषय निघाला तो मात्र न्यूयॉर्कच्या त्या दुपारनंतर. तुम्ही कितीही मायेने बोलला असाल, तरी त्यांच्या कानांनी ऐकलं असेल ते असं : त्या दिवशी तुमच्यामुळे मुलांचा विरस झाला, पुन्हा तसं व्हायला नको. म्हणून ते म्हणतात, मी हॉटेलवर थांबतो. मला यात हट्टापेक्षा ओशाळलेपण जास्त दिसतं. माझा तर्क चुकीचाही असेल, पण विचारून बघायला काय हरकत आहे?

शिवाय ‘मला चालता येतं’ हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. रोज वीस मिनिटं चालणाऱ्या माणसाला चालता येत नाही असं कोण म्हणेल? फक्त ही जागा वीस मिनिटांची नाही. डिस्ने वर्ल्डचा पसारा सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. त्यात चार मोठी थीम पार्क, आणि प्रत्येकाला एक अख्खा दिवस पुरत नाही. त्यांतल्या एपकॉट नावाच्या पार्कात तळ्याभोवती ११ देशांचे विभाग आहेत. त्या तळ्याला नुसती एक फेरी मारायची म्हणजे दोन किलोमीटर झाले, आणि तळ्यापर्यंत पोचायचं चालणं वेगळंच. दिवसभरात दहा-बारा किलोमीटर सहज होतात. तुमचे चाळिशीतले पायसुद्धा रात्री बोलायला लागतील.

आणि चालण्यापेक्षाही वाईट ते उभं राहणं. झिजलेल्या गुडघ्याला सावकाश चालणं अनेकदा मानवतं, पण रांगेत पाऊण तास दोन-दोन पावलं सरकत राहणं मानवत नाही. न्यूयॉर्कला बाबा कशाने दमले ते आठवून बघा. चालून दमले, की कशासाठी तरी ताटकळून? मला वाटतं, त्यांच्याशी बोलायला सुरुवात इथूनच करावी. ‘बाबा, तुम्हाला चालवेल का’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ येणार, आणि ते खरंही असणार. ‘एका जागी किती वेळ उभं राहिलं की दुखायला लागतं?’ असं विचारा. याचं उत्तर माणूस मिनिटांत देतो. त्यात मान-अपमान येत नाही.

हे बोलणं जेवणाच्या टेबलावर नको आणि मुलांसमोर तर नकोच. जावयाने बोलावं असंही मला वाटत नाही. जावयासमोर सासरे गुडघा दुखतो म्हणणार नाहीत. तुम्ही मुलगी आहात, सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जा आणि चालता चालता विचारा. आणि न्यूयॉर्कचा विषय तुम्हीच काढून मिटवून टाका. त्या दिवशी कार्यक्रम फार भरगच्च आखला होता, एवढं सांगितलंत तरी त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल.

नकारामागे आणखी काय काय असू शकतं, तेही चाचपून बघा. मला अशी पत्रं बरीच येतात आणि त्यांत लाजेपेक्षा हिशेब जास्त वेळा निघतो. किती डॉलर? म्हणजे किती रुपये? कोणाला धडक बसली तर? इथे म्हणे लगेच कोर्टात खेचतात. लायसन लागतं का? तिकडचं लायसन इकडे चालेल का? ड्रायव्हर असलेल्या माणसाच्या मनात तर हे प्रश्न आधी येणार, आणि तो ते बोलून दाखवणार नाही. म्हणून सगळी माहिती त्यांच्यापुढे मांडा.

लायसन लागत नाही. डिस्नेच्या पार्कातून घ्यायची तर चालवणारा १८ वर्षांचा पूर्ण हवा, एवढंच. भाडं सध्या दिवसाला ६५ डॉलर आणि वर २० डॉलर अनामत, ती परत मिळते. दर बदलत राहतात, निघण्याआधी एकदा बघून घ्या. ही गाडी आधी राखून ठेवता येत नाही. सकाळी आत गेल्यावर असेल तर मिळते, आणि गर्दीच्या दिवशी उशिरा पोचलात तर संपलेलीही असते. मुख्य अडचण वेगळीच आहे : ती पार्काच्या बाहेर नेता येत नाही. म्हणजे पार्किंगपासून किंवा बसथांब्यापासून तपासणी ओलांडून दारापर्यंतचं चालणं आहेच, आणि रात्री सगळ्यात दमलेले असताना तेच अंतर पुन्हा.

दुसरी सोय बाहेरच्या दुकानदारांची. ते स्कूटर हॉटेलवर आणून देतात आणि शेवटच्या दिवशी घेऊन जातात. पाच दिवसांचं भाडं मिळून पार्कातल्या पाच दिवसांपेक्षा बरंच कमी पडतं. खोलीपासून खोलीपर्यंत गाडी आपली. रात्री चार्जर लावून ठेवायचा की सकाळी तयार. तुमच्यासाठी मी हीच सुचवेन. बुक करताना इतकं विचारा : गाडी ताब्यात घ्यायला कोणी हजर लागतं का, बंद पडली तर बदलून किती वेळात मिळेल, मोडतोड झाली तर किती भरावं लागेल. आणि मापं विचारा. डिस्नेच्या बसमध्ये ३० इंच रुंद आणि ४८ इंच लांब याहून मोठी गाडी चढत नाही. तीन चाकी गाडी छोट्या जागेत वळते खरी, पण उतारावर झटकन वळवली तर कलंडू शकते. नवख्या माणसाला चार चाकी बरी.

हे सगळं कागदावर लिहून बाबांच्या हातात द्या आणि म्हणा, तुम्हीच बघा कुठली परवडते. आयुष्यभर गाडी ताब्यात घेण्याआधी टायर-ब्रेक तपासून बघणारा माणूस आहे, त्याला गाडी निवडू द्या. त्यांना एक गोष्टही सांगा. या गाड्यांची सुरुवात घरातल्या माणसासाठीच झाली. १९६८ साली मिशिगन राज्यात प्लंबिंगचा व्यवसाय करणाऱ्या ॲलन थीम यांनी, मल्टिपल स्क्लेरोसिस हा चालणं अवघड करणारा मज्जासंस्थेचा आजार झालेल्या आपल्या नातलगाला घराबाहेर पडता यावं म्हणून बॅटरीवरची तीन चाकी गाडी बनवली. ‘अमिगो’ हे तिचं नाव. आपल्या माणसाला मागे ठेवून जायचं नव्हतं, म्हणून झालेली ही खटपट. तुमच्या घरातही आज तेच चाललं आहे.

जाण्याआधी एक रंगीत तालीम करा. तुमच्याकडच्या बहुतेक मोठ्या किराणा दुकानांत दाराशी पुढे टोपली लावलेल्या बॅटरीच्या गाड्या उभ्या असतात. त्या गिऱ्हाइकांसाठी फुकट असतात. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, दुकान रिकामं असताना, बाबांना घेऊन जा. भाजी घ्यायची यादी त्यांच्याच हाती द्या. तिथे बघाल, किती जण अशा गाडीवरून दूध-ब्रेड घेत फिरत असतात आणि कोणी मान वर करूनसुद्धा बघत नाही. ‘लोक काय म्हणतील’ याचं उत्तर तुम्ही तोंडाने देण्यापेक्षा त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं बरं.

तालमीचं दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ही गाडी सोपी वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. हिला पायाचा ब्रेक नाही. हँडलखाली बोटांशी एक खटका असतो. तो दाबला की गाडी चालते, सोडला की आपोआप थांबते. पण समोर अचानक पोर आडवं आलं की सवयीने उजवा पाय खाली दाबला जातो, तिथे काहीच नसतं, आणि हात हँडल घट्ट आवळतात. घट्ट आवळलं की खटका दाबला जातो आणि गाडी पुढेच जाते. ‘धरू नका, सोडा’ हे बोटांना कळायला थोडा सराव लागतो. मोकळ्या जागेत दहा-पंधरा वेळा चालव-थांबव करा. बऱ्याच गाड्यांवर वेगासाठी एक गोल बटण असतं, एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. गर्दीत काटा कासवाकडेच ठेवायचा. मागे घेताना आधी मान वळवून बघायचं, आणि उठताना किल्ली काढून घ्यायची. नाहीतर हँडलचा आधार घेऊन उठताना खटका दाबला जाऊन गाडी निसटते.

चारांपैकी मॅजिक किंगडम या पार्कात शिरल्या शिरल्या जो मोठा रस्ता लागतो, त्यात घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत. रुळाला समांतर गेलं की छोटं चाक खाचेत अडकतं. रूळ काटकोनात ओलांडायचे. घरातलं एक मोठं माणूस कायम स्कूटरच्या दोन पावलं पुढे असू द्या, कारण समोरची माणसं फोटो काढायला कुठेही थबकतात. आणि धाकटा पहिल्याच तासाला म्हणणार, ‘आजोबा, मला मांडीवर घ्या.’ आजोबा नाही म्हणू शकणार नाहीत, म्हणून तुम्ही आधीच दोघांना सांगून ठेवा. एका गाडीवर एकच माणूस हा नियम आहे, आणि पोराचा हात खटक्यावर पडला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

बसमध्ये चढताना ड्रायव्हर रॅम्प खाली सोडतो. गाडी आत उभी करून बाबांनी सीटवर बसायचं, मग तो पट्ट्यांनी गाडी बांधून टाकतो. याला जरा वेळ लागतो आणि बाकीचे प्रवासी थांबलेले असतात. त्या वेळी घाई करू नका, ‘चला चला’ म्हणू नका. दुसऱ्यासाठी बस थांबवणं म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ते आधीच कानकोंडे झालेले असतील.

आता दिरांच्या म्हणण्याविषयी. स्कूटर असली की रांग चुकते, हे खरं नाही. बहुतेक रांगा स्कूटर जाईल इतक्या रुंद आहेत, त्यामुळे बाबा सगळ्यांबरोबर रांगेतच येतील, फक्त बसून. काही ठिकाणी गाडी बाहेर ठेवावी लागते किंवा व्हीलचेअरवर बदलून बसावं लागतं. रांगेबाहेर थांबण्याची डिस्नेची जी खास सवलत आहे, ती २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या कारणांनी ज्यांना रांगेत थांबणं जमत नाही त्यांच्यासाठी आहे. गुडघेदुखीसाठी ती मिळेल असं धरू नका. लायटनिंग लेन नावाची छोटी रांग सगळ्यांना पैसे भरून मिळते, तिचा स्कूटरशी संबंध नाही. रांग टळेल म्हणून स्कूटर घेतलीत तर पहिल्याच दिवशी चिडचिड होईल, आणि ती बाबांवर निघेल.

तुमची आखणी बदलायला हवी, हेही मी स्पष्टच म्हणते. स्कूटर आली म्हणजे सकाळी नऊ ते रात्री दहा बाबांना सगळीकडे नेता येईल, असं तुमच्या मनात नाही ना? बसून बसूनही गुडघे आखडतात, कंबर धरते. दर तासाभराने उतरून त्यांनी थोडं चालावं. दुकानांतून, सावलीतल्या गल्ल्यांतून गाडी बाहेर लावून पायी हिंडावं. सकाळचा फेरफटका तिथेही चालू ठेवावा. ‘या गाडीने पाय जातील’ ही भीती त्यांना असेल, तर तिचं उत्तर हेच. ऑगस्टमध्ये फ्लोरिडात दमट उकाडा असतो, मुंबईच्या मे महिन्यासारखा, आणि दुपारी बहुधा गडगडाटासह पाऊस कोसळतो. म्हणून सकाळी लवकर जा, बारा-साडेबाराला हॉटेलवर परत या, जेवण, झोप, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा. पाचातला एक दिवस पार्काचा नकोच. आतषबाजी संपली की हजारो माणसं एकाच वेळी दाराकडे निघतात. त्या लोंढ्यात स्कूटर घालू नका, एकतर आधी निघा नाहीतर अर्धा तास बसून राहा. हँडलवर टाकायला मोठी प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवा, पावसाने बटणं भिजली की गाडी रुसते. घरचं खाणं आत नेऊ देतात, दशम्या-चिवडा खुशाल घ्या. काचेची बरणी मात्र नको.

बाबांना काय आवडेल, हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही. मुलांच्या राइड्सची यादी आहे, आणि ती झाली की आजी-आजोबा धाकट्याला घेऊन बाकावर बसतील अशी योजना आहे. धाकट्याची उंची कमी पडते तिथे डिस्नेची अदलाबदलीची सोय असते. आई-बापांपैकी एकाने बाहेर थांबायचं आणि पहिल्याची राइड झाली की दुसऱ्याने पुन्हा सगळी रांग न लावता जायचं. मुलं सांभाळायला आजी-आजोबाच पाहिजेत असं नाही. साताऱ्याकडचा, मातीची ओढ असलेला माणूस असेल तर एपकॉटमधली ‘लिव्हिंग विथ द लँड’ त्यांना जरूर दाखवा. बोटीत बसून काचगृहांतून जायचं, मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, टांगलेले वेल, फळांनी लगडलेली रोपं बघत. ॲनिमल किंगडममध्ये उघड्या ट्रकमधून आफ्रिकेतले प्राणी बघायची सफारी आहे. रस्ता खडबडीत आहे, कंबरेला धक्के बसतात, ते आधी सांगा. मॅजिक किंगडममधलं ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हे थंडगार फिरतं थिएटर १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनवलेलं, १९७५ पासून इथे आहे. एका घरात वीज आल्यापासून काय काय बदललं ते बसल्या जागी बघायचं. उलट तिथला ‘पीपलमूव्हर’ दिसायला अगदी सोपा आहे, पण त्यावर सरकत्या पट्ट्यावरून चढावं-उतरावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना तिथे घाई होते.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. ज्यांची नजर अधू आहे, हात थरथरतात, विसरभोळेपणा वाढला आहे किंवा गोळ्यांनी ज्यांना गुंगी-चक्कर येते, त्यांच्या हाती स्कूटर देऊ नका. त्यांच्यासाठी कोणीतरी ढकलायची व्हीलचेअर बरी. ती पार्कात दिवसाला १२ डॉलरच्या आसपास मिळते. मात्र ढकलणारा कोण, हे आधी ठरवा. उन्हात, चढावर, दिवसभर एकट्याने ढकलणं दमवून टाकतं, दोघांनी पाळी लावावी लागते. आणि स्कूटर असो की व्हीलचेअर, निघण्याआधी डॉक्टरांशी बोलणं आणि पाहुण्यांच्या विम्याचे कागद जवळ असणं हवंच.

एवढं सगळं करूनही बाबा नाही म्हणाले तर? तर नाही. मग पाच दिवसांत त्यांच्यासाठी दोनच दिवस पार्काचे ठेवा, तेही अर्धे अर्धे. बाकी वेळ हॉटेलचा परिसर आहे, बोटी आहेत, मोनोरेल आहे. बोटीत आणि मोनोरेलमध्ये नुसतं बसून फिरायला पार्काचं तिकीट लागत नाही. घडीची खुर्ची आत नेऊ देत नाहीत, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. एक दिवस त्यांनी स्वतःहून ‘आज मी येत नाही’ म्हटलं तर ‘असं कसं, पैसे भरलेत’ म्हणू नका. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तेच म्हणाले, ‘बघू ती गाडी’, तर ‘आम्ही म्हणत होतो ना’ हे वाक्य घरातल्या कोणाच्याही तोंडून निघू देऊ नका. मुलांच्यासुद्धा.

आता आई. ‘आईचं काही नाही, ती कुठेही बसते’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. चार पानांच्या पत्रात तिच्याबद्दल एवढंच, आणि आणखी एक : बाहेर पडलं की ती पाणीच पीत नाही. तुम्ही ते सवय म्हणून लिहिलंय. ती सवय कशातून आली, ते आपल्या आया-मावश्यांबरोबर एसटीने प्रवास केलेल्या कोणालाही कळेल. स्वच्छतागृह कुठे असेल, असेल की नाही, आणि आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल, या धास्तीने ती तहान मारते. फ्लोरिडाच्या उन्हात असं केलं तर ती चक्कर येऊन पडेल. त्यातून रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखीच जपायला हवं, आणि सहलीत ती गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. पार्कात स्वच्छतागृहं जागोजागी आहेत, सोबतच्या माणसाला आत नेता येईल अशी वेगळी मोठी खोलीही असते. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. पहिल्याच तासाला तिला घेऊन जा आणि दाखवा. एकदा बघितलं की ती पाणी पिईल.

आणि ती कुठेही बसते, पण चालते किती? बाबांचे गुडघे घरात चर्चेला येतात, तिचे येत नाहीत, याचा अर्थ ते दुखत नाहीत असा नव्हे. न्यूयॉर्कला बाबा बसले नसते तर ती स्वतःहून बसली असती का? तिने कधी सायकलसुद्धा चालवली नसेल, म्हणून स्कूटर तिची नाही असं तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंय. माझ्या माहितीत अशा कित्येक जणी आहेत, ज्यांनी दुकानातल्या त्या टोपलीच्या गाडीवर आधी नको नको म्हणत बसून मग मजेत चक्कर मारली. गाडी चालवायची जुनी सवयच नसल्यामुळे ‘खटका सोडला की थांबते’ हे त्यांना लवकर जमतं. दोघांनी आलटून-पालटून एक स्कूटर वापरली तरी चालेल. आणि मला तर वाटतं, आई आधी बसली तर बाबांचं अवघडलेपण निम्मं कमी होईल. पण तेवढ्यासाठी तिला बसवू नका, तिला हवं असेल तर बसवा.

तिला एकटीला गाठून विचारा, बाबा आणि जावई घरात नसताना. पहिल्यांदा ती ‘माझं काही नाही गं’ म्हणेल. तेव्हा विषय सोडू नका, जवळ बसून पुन्हा विचारा : जिना उतरताना कुठे दुखतं, रात्री पाय चेपावेसे वाटतात का. तिचं उत्तर आल्यावरच ठरवा, एक स्कूटर, दोन, की एक स्कूटर आणि एक व्हीलचेअर. बुकिंग त्यानंतर. ऑगस्टला अजून वेळ आहे.